रिसर्चच्या इंग्रजीतल्या शब्दजोड्या: कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द बसतो?



पीएचडीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना इंग्रजीची भीती वाटते, ती बहुतेक वेळा व्याकरणाची. टेन्स चुकेल का, आर्टिकल राहून जाईल का, स्पेलिंग बरोबर आहे ना. पण प्रपोजल तपासताना गाइडचं पेन बऱ्याचदा वेगळ्याच जागी थांबतं. वाक्य व्याकरणात बसतं, प्रत्येक शब्दाचा अर्थही बरोबर असतो, तरीही शेजारी लिहून येतं, "असं म्हणत नाहीत." मग काय म्हणतात, हे मात्र सांगितलेलं नसतं. आजचा लेख त्याच "असं म्हणत नाहीत" बद्दल आहे.

आधी आपल्या मराठीत बघू. पाऊस मुसळधार असतो आणि वारा सोसाट्याचा. कुणी "सोसाट्याचा पाऊस आणि मुसळधार वारा" म्हटलं तर अर्थ पोहोचेल, पण ऐकणारा हसेल. रंगांचंही तसंच. पांढराशुभ्र, काळाकुट्ट, हिरवागार, पिवळाधमक. "पांढराकुट्ट" का म्हणायचं नाही, याचा नियम कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही. या जोड्या आपण लहानपणापासून ऐकत आलो, म्हणून त्या आपोआप येतात.

इंग्रजीतही अशा हजारो जोड्या आहेत. भाषाशास्त्रात त्यांना 'कोलोकेशन' म्हणतात. आपण साधं 'शब्दजोडी' म्हणू. शब्दाची ओळख त्याच्या सोबतीवरून होते, अशा अर्थाचा विचार ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडला. त्यांचे विद्यार्थी मायकेल हॅलिडे यांनी १९६६ मध्ये दिलेलं चहाचं उदाहरण आजही शिकवलं जातं. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' असतो, 'पॉवरफुल' नसतो. कार मात्र 'पॉवरफुल' असते. दोन्ही शब्दांचा अर्थ जवळजवळ एकच आहे, पण दोघांची सोबत वेगळी. आपलाही चहा 'कडक' असतो, 'शक्तिशाली' नसतो, नाही का?

इथपर्यंत हा भाषेच्या सवयीचा भाग झाला. रिसर्चमध्ये त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. तुमचा दावा किती पक्का आहे, हे त्या जोडीतून ठरतं. त्यामुळे जोडी चुकली तर वाक्य नुसतं विचित्र वाटत नाही, तुम्ही न केलेला दावा तुमच्या नावावर लागू शकतो.

१. मराठीचं क्रियापद इंग्रजीत तसंच चालेल का?

आपण मनात मराठीत विचार करतो आणि नामासोबत त्याचं क्रियापदही उचलून नेतो. काही वेळा ते छान जुळतं:

- निष्कर्ष काढणे: 'ड्रॉ अ कन्क्लूजन'
- भूमिका बजावणे: 'प्ले अ रोल'
- मोजमाप घेणे: 'टेक मेजरमेंट्स'
- रीडिंग घेणे: 'टेक अ रीडिंग'
- उदाहरण देणे: 'गिव्ह ॲन एक्झाम्पल'
- प्रकाश टाकणे: 'शेड लाइट ऑन'

काही वेळा मात्र जुळत नाही:

- लक्ष देणे: 'पे अटेन्शन'. इथे 'देणे' असलं तरी नेहमीचं क्रियापद 'पे' आहे.
- परीक्षा देणे: 'टेक ॲन एक्झाम'. 'गिव्ह ॲन एक्झाम' भारतात सर्रास चालतं, पण बाहेरच्या वाचकाला वाटतं की तुम्ही परीक्षा घेतलीत, म्हणजे तुम्ही परीक्षक होतात. अर्थ थेट उलटा!
- संशोधन करणे: 'कंडक्ट रिसर्च', 'कॅरी आउट रिसर्च', साध्या बोलण्यात 'डू रिसर्च'. 'मेक रिसर्च' नाही. आणि अनेकवचन म्हणून 'रिसर्चेस' लिहू नका. 'स्टडीज' लिहा.
- एखाद्या विषयावर चर्चा करणे: 'डिस्कस द रिझल्ट्स'. 'डिस्कस अबाउट' नाही. मराठीतलं 'बद्दल' इथे गुपचूप शिरतं.
- शंका विचारणे: 'आस्क अ क्वेश्चन'. आपल्याकडे वर्गात 'सर, आय हॅव अ डाउट' म्हणणं अगदी नेहमीचं आहे. पण आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्समध्ये हेच वाक्य बोललात, तर समोरच्याला वाटू शकतं की तुम्हाला त्याच्या कामावर विश्वास नाही. तिथे 'आय हॅव अ क्वेश्चन अबाउट युअर मेथड' म्हणा.

थोडक्यात काय, तर नाम ओळखीचं असलं तरी त्याचं क्रियापद तपासून घ्यायचं.

२. नामावरून सुरुवात करा

डिक्शनरीत आपण एकेक शब्द शोधतो. लिहिताना मात्र उलट होतं. नाम आपल्याला माहीत असतं (एक्सपेरिमेंट, डेटा, हायपोथिसिस), अडतं ते त्याच्यासोबतच्या क्रियापदाशी. म्हणून वही करायची तर नामांची करा. रिसर्चमध्ये रोज लागणारी काही नामं आणि त्यांचा परिवार पाहू.

एक्सपेरिमेंट: 'कंडक्ट', 'परफॉर्म', 'कॅरी आउट', 'डिझाइन', 'रिपीट'. वाक्य असं येतं: 'द एक्सपेरिमेंट्स वेअर परफॉर्म्ड ॲट रूम टेंपरेचर.'

डेटा: आधी 'कलेक्ट', मग 'ॲनालाइझ', मग 'इंटरप्रेट', शेवटी 'प्रेझेंट'. हा क्रम म्हणजे तुमच्या कामाचाच क्रम आहे. 'वी कलेक्टेड डेटा' आणि 'वी ऑब्टेन्ड डेटा फ्रॉम' यातही फरक आहे. पहिल्यात डेटा तुम्ही स्वतः गोळा केला. दुसऱ्यात 'फ्रॉम' च्या पुढे एखाद्या संस्थेचं किंवा डेटाबेसचं नाव आलं, तर तो दुसरीकडून मिळवला. मेथड्सच्या भागात ही गोष्ट स्पष्ट असायलाच हवी.

हायपोथिसिस: 'प्रपोज' किंवा 'फॉर्म्युलेट' (मांडणे), 'टेस्ट' (तपासणे), 'सपोर्ट' (पुष्टी मिळणे), 'रिजेक्ट' (फेटाळणे). 'प्रूव्ह अ हायपोथिसिस' हे प्रयोगावर आधारलेल्या विज्ञानात जपून वापरा. 'प्रूव्ह' शोभतं गणितातल्या 'थिअरम' ला. प्रयोगशाळेत 'द रिझल्ट्स सपोर्ट द हायपोथिसिस' म्हणतात, कारण उद्याचा प्रयोग वेगळं काही दाखवू शकतो.

गॅप: 'आयडेंटिफाय', 'ॲड्रेस', 'फिल'. प्रपोजलमध्ये 'धिस स्टडी एम्स टू ॲड्रेस धिस गॅप' असं वाक्य बरेचदा भेटेल. 'फिल' म्हणजे गॅप भरूनच काढणार. 'ॲड्रेस' म्हणजे त्यावर काम करणार. अजून काम सुरूही झालेलं नसताना 'ॲड्रेस' जास्त प्रामाणिक वाटतं.

३. जोडी बदलली की दावा बदलतो

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सावकाश वाचा.

रिझल्ट्ससोबत येणारी चार क्रियापदं घ्या: 'सजेस्ट', 'इंडिकेट', 'शो', 'डेमॉन्स्ट्रेट'. मराठीत आपण चारही ठिकाणी 'दिसून येते' लिहून मोकळे होतो. इंग्रजीत ही चढत जाणारी पायरी आहे. 'द रिझल्ट्स सजेस्ट दॅट' म्हणजे असं असावं, असं वाटतं. 'डेमॉन्स्ट्रेट' म्हणजे आम्ही ते दाखवून दिलं. तीन सॅम्पल्सवर 'डेमॉन्स्ट्रेट' लिहिलंत, तर रिव्ह्यूअर पुरावा मागणारच.

आता 'सिग्निफिकंट डिफरन्स' घ्या. रोजच्या इंग्रजीत 'सिग्निफिकंट' म्हणजे महत्त्वाचा, बराच मोठा. पण ज्या पेपरमध्ये स्टॅटिस्टिक्स आहे, तिथे 'सिग्निफिकंट डिफरन्स' वाचला की वाचक लगेच पी-व्हॅल्यू शोधतो. तुम्ही टेस्ट लावलीच नसेल आणि फरक नुसता डोळ्यांना मोठा दिसत असेल, तर 'लार्ज डिफरन्स' किंवा 'मार्क्ड डिफरन्स' लिहा. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. 'नॉट सिग्निफिकंट' म्हणजे टेस्टमध्ये फरक ठरला नाही. 'इन्सिग्निफिकंट' म्हणजे फरक किरकोळ आहे, दखल घेण्याजोगा नाही. हे दोन वेगळे दावे आहेत.

तसंच 'नल हायपोथिसिस' चं. तिच्यासोबत 'रिजेक्ट' येतं किंवा 'फेल टू रिजेक्ट' येतं. विद्यार्थी 'ॲक्सेप्ट' लिहितात, कारण मराठी मनाला 'फेटाळली नाही' म्हणजे 'स्वीकारली' असंच वाटतं. कोर्टाचा विचार करा. 'गुन्हा सिद्ध झाला नाही' याचा अर्थ 'तो माणूस तिथे नव्हताच' असा होत नाही. पुरावा पुरेसा नव्हता, एवढंच. 'वी फेल्ड टू रिजेक्ट द नल हायपोथिसिस' ही अवघडलेली वाटणारी जोडी नेमकं तेवढंच सांगते.

'इज असोसिएटेड विथ' आणि 'लीड्स टू' यांच्यातही असंच अंतर आहे. समजा, कमी झोपणाऱ्या विद्यार्थ्यांचे मार्क कमी आहेत, असं सर्व्हेत दिसलं. तर 'शॉर्ट स्लीप वॉज असोसिएटेड विथ लोअर मार्क्स' इथपर्यंतच जाता येतं. 'लीड्स टू' लिहिलंत की कारण आणि परिणाम असं नातं सांगितलं. सर्व्हेतून तेवढं निघत नाही. अभ्यासाचं टेन्शन आहे म्हणून झोप कमी आणि मार्कही कमी, असंही असू शकतं.

मी केमिस्ट्रीचा, त्यामुळे एक उदाहरण आमच्या घरचं. शाळेत आपण तीव्र आम्ल आणि संहत आम्ल वेगळं शिकलो. 'स्ट्राँग ॲसिड' म्हणजे पाण्यात जवळपास पूर्ण विघटन होणारं. 'कॉन्सन्ट्रेटेड ॲसिड' म्हणजे ज्या द्रावणात आम्लाचं प्रमाण जास्त आहे ते. हायड्रोक्लोरिक ॲसिड पाण्याने कितीही 'डायल्यूट' केलं तरी ते 'स्ट्राँग'च राहतं. ॲसेटिक ॲसिड 'कॉन्सन्ट्रेटेड' असलं तरी 'वीक'च. रोजच्या भाषेत 'स्ट्राँग' आणि 'कॉन्सन्ट्रेटेड' एकमेकांच्या जागी खपून जातील, इथे नाही.

औषधशास्त्रात तर काही जोड्यांना चक्क आकडे नेमून दिलेले आहेत. एक भाग पदार्थ विरघळायला किती भाग द्रावक लागतो, त्यावरून फार्माकोपिया शब्द ठरवते. १ ते १० भाग लागले तर 'फ्रीली सोल्युबल', ३० ते १०० लागले तर 'स्पेअरिंगली सोल्युबल', १०० ते १,००० लागले तर 'स्लाइटली सोल्युबल'. आता एखाद्याने "दोन्हीचा अर्थ थोडंसं असाच तर आहे" म्हणून 'स्लाइटली' च्या जागी 'स्पेअरिंगली' टाकलं, तर भाषेच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही, पण माहिती चुकीची झाली. हवामानबदलाचे आयपीसीसीचे अहवाल वाचतानाही हेच लक्षात ठेवा. तिथे 'लाइकली' म्हणजे किमान ६६ टक्के शक्यता आणि 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान ९० टक्के. 'व्हेरी' हा शब्द तिथे उगाच जोर द्यायला आलेला नसतो.

४. छोटे शब्द, मोठी गडबड

जोडीत नुसती नाम-क्रियापदं नसतात, 'इन', 'ऑन', 'फॉर' अशी शब्दयोगी मंडळीही असतात. नेहमी लागणाऱ्या काही जोड्या पाठच करून टाका:

- 'इफेक्ट ऑन': 'द इफेक्ट ऑफ टेंपरेचर ऑन द रिॲक्शन रेट'. कारणाआधी 'ऑफ', ज्यावर परिणाम झाला त्याच्याआधी 'ऑन'.
- 'रीझन फॉर', पण 'कॉज ऑफ'.
- 'इन्क्रीज इन यील्ड', पण 'ॲन इन्क्रीज ऑफ ५ परसेंट'. काय वाढलं ते 'इन' सांगतं, किती वाढलं ते 'ऑफ' सांगतं.
- 'कन्सिस्टंट विथ': 'आवर रिझल्ट्स आर कन्सिस्टंट विथ अर्लिअर रिपोर्ट्स'.

५. प्लेजरिझमची भीती आणि समानार्थी शब्दांचा सापळा

आता तो प्रश्न, जो बहुतेकांच्या मनात आला असेल. "सगळ्यांनी वापरलेल्याच जोड्या मीही वापरल्या, तर सॉफ्टवेअर प्लेजरिझम दाखवणार नाही का?"

या भीतीपोटी अनेक जण एक उपाय करतात. दुसऱ्याचा मजकूर घ्यायचा आणि शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून फिरवायचा. त्यातून काय होतं, ते २०२१ मध्ये जगासमोर आलं. गियोम कबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या तिघांनी छापून आलेल्या पेपर्समध्ये विचित्र शब्दजोड्या शोधून काढल्या. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस'. 'डीप न्यूरल नेटवर्क' च्या जागी 'प्रोफाउंड न्यूरल ऑर्गनायझेशन'. 'मीन स्क्वेअर एरर' च्या जागी 'मीन स्क्वेअर ब्लंडर'. 'सिग्नल टू नॉइज' च्या जागी 'फ्लॅग टू क्लॅमर'. मराठीत कुणी 'मुसळधार पाऊस' बदलून 'दणकट जलवर्षाव' लिहावं, तसा हा प्रकार. या जोड्यांना त्यांनी 'टॉर्चर्ड फ्रेझेस' असं नाव दिलं, म्हणजे पिरगाळून छळलेले शब्द.

गंमत बघा, सॉफ्टवेअरने प्रत्येक शब्दाला समानार्थी शब्द दिला होता. एकेकटा शब्द घेतला तर तो फार चुकीचाही नव्हता. पण जोडी तुटली आणि त्या तुटलेल्या जोडीनेच चोरी उघडी पाडली. आज अशा जोड्या शोधून संशयास्पद पेपर्स वेगळे काढले जातात आणि त्यातले कित्येक मागेही घेतले गेले आहेत.

मग नियम काय सांगतो? यूजीसीच्या २०१८ च्या प्लेजरिझमविषयक नियमावलीनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. शिवाय सर्वसामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे साम्यात धरायचे नाहीत, असंही त्यात म्हटलं आहे. रूढ संज्ञा, प्रमाणित चिन्हं आणि समीकरणंही वगळलेली आहेत. म्हणजे 'द एक्सपेरिमेंट्स वेअर परफॉर्म्ड ॲट रूम टेंपरेचर' हे वाक्य कुणाच्या मालकीचं नाही. शब्दजोडी ही सगळ्यांची सामाईक विहीर आहे. तिथून पाणी भरलं म्हणून कुणी चोर ठरत नाही.

पण याचा अर्थ चौदा-चौदा शब्दांचे तुकडे जोडून परिच्छेद शिवायचा असाही नाही हां. दुसऱ्याचा विचार, दुसऱ्याचा युक्तिवाद, दुसऱ्याची मांडणी घेतली की श्रेय द्यावंच लागतं, शब्द तुमचे असोत की त्याचे. जोडी सामाईक आहे, विचार ज्याचा त्याचा. म्हणून मजकूर आपल्या शब्दांत लिहिताना शब्द बदलत बसू नका. मूळ पान बंद करा, मुद्दा स्वतःला मराठीत समजावून सांगा आणि मग इंग्रजीत लिहा. वाक्याची रचना आपोआप बदलेल, तांत्रिक जोड्या मात्र तशाच ठेवा.

६. हे शिकायचं कसं?

नेट-सेटच्या अभ्यासातून वेळ काढून वेगळा इंग्रजीचा क्लास लावायची गरज नाही. तुम्ही पेपर्स तसेही वाचताच. फक्त वाचनाच्या सवयीत थोडा बदल करा.

पहिली गोष्ट, तुमच्या विषयातले चांगल्या जर्नल्समधले पाच पेपर्स निवडा. एका आठवड्यात एकच नाम घ्या, उदाहरणार्थ 'रिझल्ट'. ते जिथे जिथे येईल तिथे आधीचा आणि नंतरचा शब्द वहीत उतरवा, पूर्ण वाक्यासकट. नुसती जोडी लिहिली तर ती कुठे बसते ते विसरायला होतं.

दुसरी गोष्ट, एकाच पेपरमध्ये एकदाच आलेल्या जोडीवर विसंबू नका. वेगवेगळ्या गटांच्या तीन-चार पेपर्समध्ये दिसली तर ती तुमच्या विषयात रुळलेली आहे असं समजा. विषयागणिक जोड्या बदलतात. बायोलॉजीत सेल्स 'कल्चर' करतात, केमिस्ट्रीत कंपाउंड 'सिंथेसाइझ' करतात, समाजशास्त्रात सर्व्हे 'ॲडमिनिस्टर' करतात.

तिसरी गोष्ट, शंका आली की तपासा. 'ऑक्सफर्ड कोलोकेशन्स डिक्शनरी' ही खास याच कामासाठी आहे, तिची पहिली आवृत्ती २००२ ची. त्यात नाम उघडलं की त्याची विशेषणं, क्रियापदं, शब्दयोगी अव्ययं सगळी मिळतात. मँचेस्टर विद्यापीठाचं 'ॲकॅडमिक फ्रेझबँक' मोफत बघता येतं. त्यात इंट्रोडक्शन, मेथड्स, डिस्कशन अशा भागांप्रमाणे वाक्यांचे साचे दिले आहेत. आणि काहीच नसेल तर गूगल स्कॉलरमध्ये जोडी दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून शोधा. 'कंडक्टेड ॲन एक्सपेरिमेंट' आणि 'मेड ॲन एक्सपेरिमेंट' दोन्ही टाकून बघा, किती ठिकाणी काय येतं ते स्वतःच कळेल.

चौथी गोष्ट, लिहून झाल्यावर एक वाचन फक्त क्रियापदांसाठी करा. 'शो', 'प्रूव्ह', 'कॉज', 'सिग्निफिकंट' या शब्दांखाली रेघ ओढा आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा, माझा डेटा एवढं म्हणतोय का? नसेल तर एक पायरी खाली या. पीएचडीच्या मुलाखतीत किंवा व्हायव्हात प्रश्न बहुतेक याच शब्दांवर येतात, कारण परीक्षक वाचताना तिथेच थांबलेला असतो.

मोठमोठे शब्द पाठ करून रिसर्चचं इंग्रजी येत नाही. 'युटिलाइझ' पेक्षा 'यूज' लिहिलंत तरी काही कमीपणा येत नाही. साधा शब्द योग्य शेजारी बसला की वाक्य स्वच्छ होतं, आणि तुमचा दावा जेवढा आहे तेवढाच दिसतो. सुरुवात आजच करा. सध्या जो पेपर उघडा आहे, त्याचं डिस्कशन काढा आणि 'रिझल्ट्स' च्या पुढे कोणतं क्रियापद आलंय ते बघा. लेखकाला आपल्या निष्कर्षावर किती भरवसा आहे, ते तुम्हाला त्या एका शब्दात सापडेल.